अकोल्याच्या क्रमांक दोनचे तेल

अमरावती, सोमवार

सोमवार, दिनांक ४ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी मी बडनेरा स्थानकाच्या फलाटावर उतरले. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि तीन लाकडी खोकी होती. पहिल्या खोक्यात हाताने फिरवायचे मेगर, दुसऱ्यात तेलाची परीक्षा घेणारे वजनदार यंत्र आणि तिसऱ्यात पेंढ्यात बसवलेल्या काचेच्या अठरा बाटल्या. हमालाने तिसरे खोके कानाशी हलवून पाहिले.

"काय हाय जी याच्यात? दवाई?"

"रिकाम्या बाटल्या," मी म्हटले.

त्याने आपल्या सोबत्याकडे एकदा पाहिले. मग दोघांनी मिळून ते खोके इतक्या जपून बाहेर नेले की नवरीची पालखीही कोणी इतक्या जपून नेली नसेल. वऱ्हाड म्हणजे बारा महिने ऊन, अशी पुण्यात आमची समजूत असते. त्या सकाळी माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि दोन स्वेटर घालूनही दात वाजत होते.

माझ्या येण्याचे कारण आधीच स्पष्ट करते, कारण पुढचे सर्व त्यावरच अवलंबून आहे. पुण्याच्या ज्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षे काम करते तिच्याकडे अकोल्याच्या एका जुन्या ट्रान्सफॉर्मरविषयी विचारणा आली होती. त्याचे नाव क्रमांक दोन. वय चोवीस वर्षे. त्याच्याच कारखान्यात, त्याच वर्षी घडलेला त्याचा जुळा भाऊ अमरावतीस होता, आणि तुलनेसाठी आधी तो तपासायचा होता. ट्रान्सफॉर्मरमधले तांबे म्हातारे होत नाही, लोखंडही होत नाही. म्हातारा होतो तो तांब्याच्या तारांभोवती गुंडाळलेला कागद आणि तो कागद ज्यात बुडालेला असतो ते तेल. या दोहोंवर वीज आवरून धरण्याची जबाबदारी असते. उष्णतेने, दमटपणाने आणि कचऱ्याने त्यांची शक्ती सरत जाते, आणि ती किती सरली हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

आमच्या प्रमुखांनी मला निघताना एकच वाक्य सांगितले होते: "मत नको, आकडे आणा." शनिवारी निर्णय द्यायचा होता. क्रमांक दोन निकामी ठरवला, तर दुसरा येईपर्यंत पावसाळा उजाडला असता आणि अकोल्याचे निम्मे जिन-कारखाने ऐन कापसाच्या हंगामात थांबले असते. तो निकामी असूनही चालू ठेवला, तर एखाद्या दिवशी तेलासकट पेटला असता, आणि त्याच्या आवारात माणसे काम करतात. असे काम एकटीवर सोपवावे म्हणून मी तीनदा अर्ज केला होता. तिसरा मंजूर झाला.

अमरावतीचे सहायक अभियंता देशमुख जीप घेऊन आले होते. मला पाहून ते क्षणभर फलाटावर दुसऱ्याच कोणाला तरी शोधत राहिले.

"तारेत आडनाव होतं, पण कुमारी की श्री ते नव्हतं," ते नंतर हसत म्हणाले. "मी घरी म्हटलं, पुण्याची माणसं आहेत, एक शब्द वाचवला असेल."

मी ते नाकारू शकले नाही. तार मीच लिहिली होती.

जुळ्यांपैकी अमरावतीच्या भावाची परीक्षा त्याच दुपारी झाली. मेगर हे उपकरण कागदाचा रोध मोजते. त्याची दांडी सारख्या वेगाने फिरवावी लागते आणि मला एका मिनिटाचा तसाच दहाव्या मिनिटाचा आकडा हवा होता. कागद कोरडा असेल तर दहाव्या मिनिटाचा आकडा पुष्कळ वाढलेला दिसतो. ओला असेल तर तो जागच्या जागी राहतो. दहा मिनिटे दांडी फिरवणे एका माणसाचे काम नव्हे. देशमुखांचे दोन फिटर पुढे आले आणि पाचव्या मिनिटाला एकाने न थांबता दुसऱ्याच्या हातात ती द्यायची असे ठरले.

"पाह्य बरं, सोडू नको," पहिला म्हणाला.

"तू सोडशीन तवा मी धरीन ना!"

"धर, मंग सोडतो!"

दोघांनी दांडी धरून चार फेरे एकत्र मारले, आणि दोघांनीही एकदम सोडली. काटा खाली आला. देशमुखांनी कपाळाला हात लावला. कागदात साठलेली वीज उतरवण्यासाठी तारा पुन्हा जमिनीला जोडल्या, वाट पाहिली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दुसऱ्या खेपेला काही बिघडले नाही. एका मिनिटाला चारशे वीस मेगोहम, दहाव्याला सातशे साठ. तेलानेही आमच्या प्रयोगशाळेची अट पाळली: दोन धातूच्या गोळ्यांमध्ये चार मिलिमीटरची फट, मध्ये तेल, आणि पंचवीस किलोव्होल्टचा दाब पूर्ण एक मिनिट सोसायचा. फुटले नाही, म्हणजे उत्तीर्ण. एक जादा बाटली पुण्यास नेण्यासाठी मी बूच लावून बाजूला ठेवली.

रात्रीचे जेवण विश्रामगृहात होते. तिथला आचारी बळीराम भाकरीबरोबर भाजलेल्या वांग्याचे भरीत घेऊन आला आणि मला विचारण्यापूर्वीच त्यावर कच्च्या तेलाची धार धरली. पुण्यात आम्ही पाहुण्याला "तेल हवे का?" असे विचारतो आणि नकोच म्हणावे अशी मनोमन इच्छा करतो. इथे विचारणे हाच अपमान. दिवसभर तेल तपासून आल्यावर पानातही तेलच पाहून मला हसू आले. परंतु कांद्याची हिरवी पात, लसणाचा झणका आणि त्या कच्च्या तेलाचा वास यांचा जो संयोग झाला होता, त्याचे पृथक्करण मी आजवर करू शकलेले नाही.

अमरावती, मंगळवार

बाटल्या आणि तेलाचा प्याला पुसण्यासाठी माझ्याजवळ मऊ चामड्याचा एक तुकडा असे. त्याचा धागा सुटत नाही, हा त्याचा गुण. सोमवारी तो तेलकट झाला होता म्हणून मी तो व्हरांड्यातल्या दोरीवर टाकला. मंगळवारी सकाळी दोरी रिकामी होती.

बळीराम अतिशय प्रसन्न मुद्रेने चहा घेऊन आला. "बाई, तुमचं फडकं लय मयलं होतं. म्या गरम पाण्यात सोडा टाकून धुतलं अन् चुलीपाशी वायवलं."

त्याने खांद्यावरच्या पंच्यातून ते काढून माझ्यासमोर ठेवले. ते टेबलावर आपटून वाजले. उडदाच्या पापडालाही इतका कडकपणा नसतो. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो पाहून मी त्याचे आभार मानले. ते खरे होते, कारण पहाटेच्या थंडीत उठून एका परक्या बाईचे घाणेरडे फडके धुणारी माणसे मला पुण्यातही क्वचितच भेटली आहेत.

पुण्याहून नवे चामडे मागवण्यास चार दिवस लागले असते. मी विचार केला आणि बाजारातल्या औषधांच्या दुकानातून सर्वांत उत्तम, निर्जंतुक केलेल्या कापसाची निळ्या कागदातली गुंडाळी विकत घेतली.

दुकानदाराने काळजीने विचारले, "कोणाले लागलं काय जी?"

त्या दिवशी मी अमरावतीच्या तेलाचे उरलेले मोजमाप, म्हणजे रंग आणि आम्लता, केले. दुपारी देशमुखांच्या घरून संत्र्यांची टोपली आली. आमच्याकडे संत्रे सोलतो, फोडी करतो, बशीत मांडतो. देशमुखांच्या मातोश्रींनी निरोप पाठवला होता: "बशी मागू नको म्हणावं, झाडाखाली बसून खा."

अकोल्याकडे, बुधवार

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा रस्ता काळ्या जमिनीतून जातो. कापूस वेचायचा हंगाम ऐन भरात होता. तुरीला शेंगा धरल्या होत्या. आम्ही मूर्तिजापूर ओलांडले तेव्हा कापसाच्या गाड्या मागेपुढे दिसू लागल्या, आणि मग मला एक अशी गोष्ट दिसली जी मी कोणत्याही पुस्तकात वाचली नव्हती. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापूस लागला होता. उंच भरलेल्या गाड्या खालून जाताना काटे त्यांतून झुबके ओढून घेतात, आणि मैलच्या मैल काळ्या खोडांच्या वर पांढरे ठिपके हलत राहतात.

"बाभूळ पण आमच्याकडे शेतकरी आहे," देशमुख म्हणाले. "फक्त नांगरत नाही."

गाड्यांच्या एका रांगेने आमची वाट अडवली. एका गाडीवानाने जीपमध्ये डोकावून देशमुखांना विचारले, "या बाई कोण जी?"

"ट्रान्सफॉर्मरच्या डॉक्टरीणबाई."

"असं? काय झालं त्याले?"

"म्हातारा झाला."

"मंग काहून छळता बिचाऱ्याले?" असे म्हणून त्याने बैल बाजूला घेतले.

क्रमांक दोनचे आवार एका मोठ्या जिनाच्या भिंतीला लागून होते. जिनात कापसातून सरकी वेगळी केली जाते. त्याचा घरघराट आणि त्यातून उडणारा कापसाच्या धाग्यांचा बारीक तूस ही दोन्ही भिंतीवरून अलीकडे येत. दारातच हेडफिटर वानखडे उभे होते. वय पन्नाशीचे, अंगात खाकी कोट, बोलणे मोजके. त्यांनी मला नमस्कार केला, खोकी उतरवून घेतली आणि ज्या ज्या गोष्टी लागतील त्या मागण्यापूर्वी हाताशी आणून ठेवल्या. मी त्यांना सूचना देत राहिले. प्रश्न मात्र एकही विचारला नाही, हे आता लिहिताना मला जाणवते.

एका तासासाठी भार उतरवून आम्ही मेगर लावले. वानखडेंनी दांडी एकट्याने दहा मिनिटे फिरवली. एका मिनिटाला तीनशे दहा, दहाव्याला पाचशे चाळीस. म्हाताऱ्याचा कागद कोरडा होता. मी खुश झाले. मग संध्याकाळी तेलाचा नमुना घेतला, यंत्रात घातला, दाब वाढवू लागले आणि बारा किलोव्होल्टवर खाडकन ठिणगी उडाली.

बारा. हवे होते पंचवीस.

अकोला, गुरुवार

दिवसभरात मी तीन नमुने घेतले. प्रत्येक वेळी, बुधवारसारखीच, बाटली त्या निळ्या गुंडाळीतल्या कापसाने आतून काळजीपूर्वक पुसली. आकडे आले पंधरा, तेरा, चौदा. तेल पाण्याने खराब झाले असेल, तर तापवलेल्या लोखंडावर त्याचा थेंब तडतडतो. मी थेंब टाकून पाहिला. तडतडला नाही. कागद कोरडा, तेलात पाणी नाही आणि तरीही तेल दुबळे. मला कारण सापडेना. परंतु कारण न सापडल्याने आकडा खोटा ठरत नाही, असे मला शिकवले गेले आहे. चार वाजता मी वहीत प्रमुखांना पाठवायच्या तारेचा मजकूर लिहिला: "क्रमांक दोन निकामी. भारमुक्त करावा." तो देशमुखांना दाखवला. ते बराच वेळ वाचत राहिले. पाच शब्दांना इतका वेळ लागत नाही.

"सकाळी पाठवू," ते म्हणाले. "जिनवाल्यांना आज सांगत नाही. आज जेवू द्या."

वानखडे दारात उभे होते. त्यांनी ते ऐकले. ते एवढेच म्हणाले, "ताई, आज आमच्या घरी जेवाले या."

त्यांचे घर आवारामागेच, दोन खोल्यांचे, शेणाने सारवलेले. पाच वर्षांपूर्वी दीक्षा घेतलेले हे कुटुंब. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढे सकाळचे झेंडू. त्यांच्या पत्नी शेवंताबाई नुकत्याच कामावरून आल्या होत्या. केसांत, भुवयांवर, पदराच्या काठावर पांढरा तूस. त्या त्याच शेजारच्या जिनात कापूस निवडत. मिठात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचे ताट माझ्यापुढे ठेवून त्यांनी सरळच विचारले:

"काय वो ताई, आमचा जिन बंद करून राहिल्या म्हणे?"

"शेवंता," वानखडे म्हणाले.

"काहून? इचारू नाही का? चाळीस बाया हावो आमी तथी. उन्हाळ्यात काम नसते. या चार महिन्यांचंच खातो आमी बाराही महिने."

मी त्यांना खरे ते सांगितले. तेल वीज धरत नाही, आणि न धरणाऱ्या तेलाजवळ मी त्यांच्या यजमानांना रोज उभे करू शकत नाही. शेवंताबाईंनी ताट पुढे ओढले. शेंगा सोलत राहिल्या, दाणे माझ्या पानात टाकत राहिल्या. रागावलेल्या माणसाने पाहुण्यासाठी दाणे सोलावेत, हे मी प्रथमच पाहत होते.

थोड्या वेळाने वानखडेंनी विचारले, "ताई, एक इचारू? बाटली कायनं पुसता तुमी?"

"शुद्ध कापसाने. औषधाच्या दुकानातला आहे, निर्जंतुक केलेला."

शेवंताबाईंच्या हातातली शेंग खाली पडली. "अवो माय! अकोल्यात येऊन कापूस इकत घेतला?" आणि त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की शेजारची बाई दारात येऊन पाहून गेली.

वानखडे हसले नाहीत. ते म्हणाले, "जंतू मेले असतील ताई, पण धागा जित्ता हाय. एक धागा तेलात गेला का झालं. आमी बाटली पुसतच नाही. ज्या तेलाचा नमुना, त्याच तेलानं तीनदा खंगाळतो. अन् जिन चालू असताना तर बूचच काढत नाही. हवेतही तेच हाय ना."

"हे तुम्ही मला काल का सांगितले नाही?"

"तुमी इचारलं नाही." मग, "अन् पंधरा वर्षांआधी एका साहेबाले सांगतलं होतं. तो म्हणे, तू आपलं काम कर. तवापासून इचारल्याबिगर सांगत नाही."

मी या मनुष्याविषयी त्या घटकेला काय विचार केला ते लपवत नाही. ज्याची बायको त्या जिनात आहे, त्याला क्रमांक दोन चांगला ठरलेला हवा असणारच. विज्ञान शिकलेल्या माणसाने साक्षीदाराचा स्वार्थ आधी पाहावा. ते त्यांनी माझ्या चेहऱ्यावर वाचले.

"माही बायको जिनात हाय म्हणून सांगून नाही राहिलो, ताई. तो फुटला तर पयला मीच हावो ना त्याच्यापाशी."

"मला आकडा लागेल," मी म्हटले.

"मंग घ्या ना आकडा. मी काय नाही म्हणून राहिलो?"

निघताना ते मला दारापर्यंत पोचवायला आले. चोवीस वर्षांपूर्वी क्रमांक दोन स्टेशनापासून ओंडक्यांवर सरकवत आणला, तेव्हा दोर ओढणाऱ्यांत ते होते, असे त्यांनी सांगितले. इतकी वर्षे त्याच्याच शेजारी कशी काढली, असे मी विचारले. हा माझा पहिला खरा प्रश्न.

"तवा या आवारातल्या माठाले हात लावू देत नव्हते मले. याले लावू देत. म्हणून याच्यापाशीच बसून राहो. ऐकून ऐकून समजाले लागलं त्याचं."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. 

अकोला, शुक्रवार

परत आल्यावर मैत्रिणी विचारतात, वऱ्हाडात पाहण्यासारखे काय आहे? मी त्यांना बाभळींचा कापूस सांगते, संत्री सांगते. पण मला तिथे खरोखर मिळाले ते शुक्रवारी सकाळी आठ आणि दुपारी दीड यांच्या दरम्यान, आणि त्यासाठी मी ज्यांची ऋणी आहे त्यांतल्या कोणाच्याही नावापुढे पदवी नाही.

सकाळी आठला मी अमरावतीची बूच लावलेली बाटली काढली. हे तेल सोमवारी उत्तीर्ण झाले होते आणि ती बाटली चामड्याने पुसलेली होती. परीक्षेचा प्याला त्याच तेलाने तीनदा खंगाळून निम्मे तेल त्यात ओतले. पंचवीस किलोव्होल्ट, एक मिनिट. सोसले. उरलेले निम्मे तेल मी माझ्या कापसाने पुसलेल्या एका बाटलीत ओतले, हलवले आणि पुन्हा प्याल्यात घातले. या वेळी खोली अंधारी करून वानखडेंना प्याल्याला बाजूने टॉर्च धरायला सांगितले.

दाब वाढू लागला. आठ. दहा. आणि तेलात, जिथे काहीच नव्हते असे मी शपथेवर सांगितले असते, तिथे एक केसासारखा पांढरा धागा सरळ उभा राहिला. मग दुसरा. ते सरकत सरकत दोन गोळ्यांच्या मधल्या फटीत आले आणि एकापुढे एक लागून त्यांनी पूल बांधला. सोळावर ठिणगी उडाली.

वानखडेंनी टॉर्च विझवला. "पाह्यलं, ताई?"

"पाहिले."

मी वहीतला तारेचा मजकूर खोडला. चार नमुने दुबळे ठरले होते. त्यांतले दुबळेपण माझे होते की तेलाचे, हे मला आता ठाऊक नव्हते. बुधवारपासूनचे सर्व आकडे रद्द झाले होते आणि शनिवार उद्यावर आला होता. मी देशमुखांना तसे सरळ सांगितले. ते म्हणाले, "बरं झालं, चूक तुमच्याच हाती सापडली. मी पकडली असती तर तुम्ही मला पुणेरी भाषेत उत्तर दिलं असतं."

नवा नमुना केव्हा घ्यायचा हे वानखडेंना मी विचारले. त्यांचे उत्तर तयार होते. पहाटे नको, कारण थंड लोखंडावर दव धरते आणि पाणी तेलात जाते. जिन चालू असताना नको. मधल्या सुटीत घ्यायचा. साडेबाराला जिन थांबतो, ऊन असते, लोखंड कोरडे असते. अडचण एकच. हवेतला तूस खाली बसायला अर्धा तास लागतो आणि सुटीही अर्ध्याच तासाची.

"ते माह्यावर सोडा," शेवंताबाई म्हणाल्या. कामावर जाता जाता त्या नवऱ्याचा डबा द्यायला आल्या होत्या.

साडेबाराला भोंगा झाला आणि घरघराट थांबला. तीन दिवसांत प्रथमच मला क्रमांक दोनचा स्वतःचा आवाज ऐकू आला. खर्जातला, एकसारखा. भिंतीपलीकडे बाया लिंबाखाली जेवायला बसल्या. हवेत तूस तरंगत होता आणि उन्हात त्याचा एकेक कण दिसत होता. आम्ही थांबलो. एक वाजला. पलीकडून जॉबरची, म्हणजे मुकादमाची, हाक आली, "चला बाया, चला!"

"येतो नं!" शेवंताबाईंचा आवाज. "घास तर गियू दे!"

पाच मिनिटांनी पुन्हा हाक. पुन्हा उत्तर: "आता ठसका लागला! पाणी आण बरं, दादा!" आणि चाळीस जणींचे हसू. जॉबर पाणी आणायला गेला असावा, कारण त्यानंतर बराच वेळ त्याचा आवाज आला नाही.

त्या अवधीत मी वानखडेंना एक गोष्ट सांगून टाकली. तेल आज उत्तीर्ण झाले तरी क्रमांक दोन तरुण होणार नव्हता. हंगाम संपताच, उन्हाळ्यात, तो उघडून वाळवावा लागेल आणि तेल गाळावे लागेल, असे मी लिहिणार होते. आणि अनुत्तीर्ण झाले तर भार आजच संध्याकाळी उतरवायचा. त्यात मी कोणाचेही ऐकणार नव्हते.

"आयकूही नका," ते म्हणाले. "माह्यं तर मुळीच नका."

एक वाजून दहा मिनिटांनी ते तळाच्या तोटीजवळ उकिडवे बसले. आधी तोटी धुऊन निघेल इतके तेल बादलीत सोडले. मग बाटली तिरकी धरून थोडे तेल घेतले, फिरवले, टाकले. असे तीनदा. चौथ्या वेळी तेल काचेच्या कडेने इतके सावकाश उतरू दिले की एकही बुडबुडा धरला नाही. काठोकाठ भरल्यावर काचेचे बूच बसवले आणि बाटली दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. आमच्या प्रयोगशाळेत मी स्वतः हे दोन वर्षे करते. इतके सुबक मला एकदाही साधलेले नाही.

आत गेल्यावर दारे लावली. प्याला खंगाळला, भरला, बुडबुडे बसेपर्यंत थांबलो. देशमुख भिंतीशी उभे राहिले. वानखडेंनी कोटाचे वरचे बटण लावले. हातात घड्याळ घेऊन मी दाब वाढवायला सुरुवात केली. दहा. बारा, जिथे बुधवारी ठिणगी उडाली होती. पंधरा. वीस. पलीकडे जिन सुरू झाल्याची घरघर भिंतीतून आली. पंचवीस. मी हात काढून घेतला आणि घड्याळ दाबले.

दहा सेकंद. वानखडे प्याल्याकडे पाहत नव्हते. मान कलती करून ते ऐकत होते. वीस. तीस. चाळिसाव्या सेकंदाला देशमुखांनी श्वास घेतला आणि मी त्यांच्याकडे रागाने पाहिले. पन्नास.

मग मी पेन्सिल उचलली आणि नोंद केली: अकोला, क्रमांक दोन, तळाचे तेल, तापमान ३४ अंश; दाब २५ किलोव्होल्ट; ठिणगी नाही; अवधी सेकंदांत, ६०.